अक्षरांच्या आधीचे वाचन



संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही अभ्यासाला बसला आहात. भूगोलाचे पुस्तक सतरंजीवर उघडे पडले आहे. एवढ्यात घरातले दहा महिन्यांचे बाळ रांगत येते, पुस्तकाचा कोपरा मुठीत धरते आणि सरळ तोंडात घालते. "आई, याला घे गं!" तुम्ही ओरडता. आई हातातली भाकरी टाकून धावत येते आणि बाळाला उचलते. बाळ भोकाड पसरते. तोपर्यंत पुस्तकाचा कोपरा ओला झालेला असतो आणि नकाशातली कृष्णा नदी कराडपाशीच फाटलेली असते.

तुम्ही म्हणता, "या बाळाने पुस्तकाची नासाडी केली!" तुमची तक्रार खोटी नाही. पण या लेखात आपण थोडा वेळ बाळाची बाजू घेणार आहोत. शास्त्रज्ञांना विचारले, तर ते म्हणतील की बाळाने त्या क्षणी वाचनाचा पहिला धडा गिरवायला घेतला होता. हे ऐकून तुम्हाला हसू येईल. ज्याला अजून 'आई' नीट म्हणता येत नाही, त्याचे कसले आले वाचन? चला, ते पायरीपायरीने पाहू.

मेंदूत वाचनाची सोय कोठे आहे?

बोलणे माणसाबरोबर हजारो पिढ्या चालत आले आहे. मूल बोलत्या माणसांत वाढले की आपोआप बोलू लागते. त्यासाठी त्याला शाळेत घालावे लागत नाही. लेखनाची गोष्ट निराळी आहे. मेसोपोटेमियात मातीच्या विटांवर खुणा उमटू लागल्या, त्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. त्यातही बहुतेक माणसे अगदी काल-परवापर्यंत निरक्षरच होती. एवढ्या थोड्या काळात निसर्ग मेंदूत वाचनासाठी वेगळा भाग घडवू शकत नाही.

मग आपण वाचतो कसे? तर मेंदूतले जुने भाग नव्या कामाला जुंपून. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साक्षर आणि निरक्षर प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. माणूस वाचायला शिकला की मेंदूच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाचा एक भाग अक्षरे ओळखू लागतो, असे त्यांना आढळले. एरवी हा भाग चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामात गुंतलेला असतो. येथे ओळखलेली अक्षरे लगेच मेंदूच्या बोलण्या-ऐकण्याच्या भागांशी जोडली जातात.

म्हणजे अक्षर हा एक पाट आहे. पाटाने पाणी खेळवायचे तर आधी विहिरीत पाणी हवे. शब्द, त्यांचे आवाज आणि त्यांचे अर्थ हे ते पाणी. पाट सहाव्या वर्षी, पहिलीच्या वर्गात खोदायला घेतला तरी चालतो. विहीर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून भरावी लागते. ती केव्हापासून भरू लागते?

आधी कान

ती जन्माच्याही आधीपासून भरू लागते! अमेरिकेत अँथनी डिकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवती स्त्रियांनी बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांत मुलांच्या गोष्टीचा एक ठरावीक उतारा रोज मोठ्याने वाचला. बाळे जन्मल्यावर एकदोन दिवसांतच त्यांच्या तोंडात एक चोखणी दिली आणि ती ध्वनियंत्राला जोडली. एका लयीत चोखले की तो ओळखीचा उतारा ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले की अनोळखी. बाळांनी आपली चोखण्याची लय बदलून ओळखीचा उताराच अधिक मागितला. त्यांना गोष्ट समजली होती का? मुळीच नाही. पण भाषेचा ठेका त्यांच्या ओळखीचा झाला होता.

आता तुम्ही स्वतः एक करून पाहा. 'ता' म्हणा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लागते. आता 'टा' म्हणा. टोक मागे वळून टाळूला लागते. 'ताट' आणि 'टाच' आपण कधी एकमेकांत मिसळत नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हे दोन्ही आवाज जवळजवळ सारखेच ऐकू येतात.

कॅनडातले जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दोन आवाज हिंदीतून घेतले होते. इंग्रजी घरातल्या बाळांना 'टा-टा-टा' ऐकवत आणि मध्येच 'ता' आणत. आवाज बदलल्याचे ओळखून बाळाने मान वळवली की पेटीतले खेळणे हलू लागे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक ओळखू आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना तो कळला. हिंदी घरातल्या तेवढ्याच वयाच्या बाळांना तो अचूक कळत होता. याचा अर्थ, बाळ पहिल्या वर्षातच आपल्या भोवतालच्या भाषेचे आवाज निवडून घेते आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करू लागते. तुमच्या घरातले ते रांगणारे बाळ नुसते इकडेतिकडे पाहत नसते. तुम्ही बोलत असता तेव्हा ते मराठीचे बी पाखडून घेत असते.

मग डोळे आणि हात

नवजात बाळाला लांबचे अंधूक दिसते. सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचे, म्हणजे वीतभर किंवा त्याहून थोड्या अधिक अंतरावरचे त्याला त्यातल्या त्यात बरे दिसते. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा नेमका तेवढाच दूर असतो. मांडीवर बसवून समोर धरलेले पुस्तकही तेवढेच दूर असते. काळ्या-पांढऱ्या, ठसठशीत चित्रांवर त्याची नजर लवकर स्थिरावते.

पुढे हात चालू लागतात. नऊ महिन्यांच्या बाळासमोर आंब्याचे चित्र धरा. ते चित्रातला आंबा उचलायला जाते, नखांनी खरवडते. अमेरिकेतील ज्यूडी डिलोश यांनी १९९८ साली या वागण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ चित्राला फसते असे नव्हे. चित्र म्हणजे काय चीज आहे हे ते हाताने तपासत असते. दीड वर्षाच्या सुमारास खरवडणे थांबते आणि त्या जागी एक बोट येते. ते चित्रावर बोट ठेवते आणि तुमच्याकडे पाहते.

हे बोट फार महत्त्वाचे आहे. आंबा नसून आंब्याची खूण आहे, हे त्या बाळाला उमगले. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, हेच तर अक्षराचेही मर्म आहे. 'आंबा' हा लिहिलेला शब्द ना गोड असतो ना पिवळा, तरीही तो वाचला की तोंडाला पाणी सुटते.

आता तुमच्या भूगोलाच्या पुस्तकाचा कोपरा आठवा. चावणे, ओढणे, पान उलटणे, खरवडणे, बोट ठेवणे अशा क्रमाने बाळ पुस्तकाची ओळख करून घेते. पहिल्याच पायरीवर पुस्तक हिसकावून घेतले, तर पुढच्या पायऱ्या उशिरा येतात. तेव्हा पाठ्यपुस्तक जरूर वर ठेवा, पण त्याच्या हातात त्याचे स्वतःचे, जाड पुठ्ठ्याचे काहीतरी द्या.

मोबाइलवर गोष्ट लावली तर?

तुम्ही विचाराल, आवाजच ऐकवायचा आणि चित्रच दाखवायचे, तर मोबाइल काय वाईट?

पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बसली. त्यांनी बाळांना पुस्तके वाचून दाखवली, खेळणी खेळवली. प्रत्येक बैठक सुमारे २५ मिनिटांची, अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले, आणखी काहींना नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. समोर माणूस बसलेल्या बाळांना चिनी आवाजांतले भेद कळू लागले. पडद्यासमोरच्या आणि ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या बाळांना काहीही लाभ झाला नाही.

पडद्यावरचा माणूस बोलतो, पण बाळाने कोठे पाहिले हे त्याला दिसत नाही. बाळ 'बा' म्हणाले तर तो थांबत नाही, 'बाबा? बाबा शेतात गेलेत' असे उत्तर देत नाही. बाळाला भाषा या देवाणघेवाणीतून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालच्या बाळांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाकाठी एका तासाच्या आत असावा, जितका कमी तितका बरा. बाळ बसलेले असेल त्या वेळी त्याला वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे.

पण घरातल्या सगळ्यांचेच डोळे पडद्यात गुंतलेले असतील, तर बाळाला मांडीवर घेणार कोण? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने या प्रश्नाला सार्वजनिक उत्तर शोधले. टाळेबंदीच्या काळात शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, अशी तक्रार घरोघरी होती. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ही गोष्ट गावापुढे मांडली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक पायंडा पाडला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंतचा दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, एकमेकांशी बोलण्याचा. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना हे पटवले.

हा बेत शाळकरी मुलांसाठी होता. पण विचार करा, अशा घरात एखादे दीड वर्षाचे बाळ असेल, तर त्याला त्या दीड तासात काय मिळेल? रिकामी मांडी मिळेल, त्याच्याकडे वळलेले चेहरे मिळतील आणि ताई-दादा पुस्तकात रमलेले दिसतील. बाळ नकलाकार असते. ज्या वस्तूकडे घरातली माणसे आवडीने पाहतात, तीच वस्तू त्याला हवी असते.

हाताशी पुस्तक

वेळ मिळाला, माणूस मिळाला, तरी पुस्तक हवेच. रोजच्या बोलण्यात आपण त्याच त्या शब्दांवर भागवतो. 'ये, बस, जेव, पडशील हं!' अमेरिकेत १०० चित्रपुस्तकांतले शब्द मोजून त्यांची लहान मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी तुलना केली गेली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकांत निरनिराळे शब्द कितीतरी अधिक आढळले. हत्ती, समुद्र, राजवाडा, जहाज हे शब्द कोरेगावच्या किंवा तासगावच्या स्वयंपाकघरात सहसा येत नाहीत. पुस्तक त्यांना घरात घेऊन येते.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार नावाचे गाव आहे. स्ट्रॉबेरीसाठी ते पूर्वीपासून प्रसिद्ध होते. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाची प्रेरणा घेऊन राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी तेथे 'पुस्तकांचे गाव' सुरू केले. आरंभी घरे, देऊळ, शाळा अशा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तके ठेवली गेली. हे-ऑन-वायमध्ये पुस्तकांची दुकाने आहेत. भिलारमध्ये मात्र पुस्तके लोकांच्या घरात ठेवली गेली. कोणीही यावे, बसावे, वाचावे. त्यात बालसाहित्याचेही दालन आहे. पाणी प्यायचा तांब्या जसा हाताशी असतो, तसे पुस्तक हाताशी असावे, ही त्यामागची कल्पना घरातल्या बाळासाठीही खरी आहे. कुलपातल्या कपाटातले पुस्तक बाळाच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

सगळ्या गावांचे भिलार होणार नाही. पण फडताळाच्या खालच्या कप्प्यात चार पुस्तके कोणाच्याही घरी राहू शकतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला स्वस्त आहे. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच अगदी धाकट्या वाचकांसाठीच आहे. तेही नसेल तर जुन्या दिनदर्शिकेची जाड पाने घ्या, त्यावर गाय, बैल, एसटी, ऊस, चूल अशी चित्रे चिकटवा आणि दोऱ्याने शिवा. आपल्या घराचे, आपल्या माणसांचे हे पुस्तक बाळाला बाजारातल्या पुस्तकापेक्षा अधिक आवडेल.

फलटणचा धडा

हे सारे इतके महत्त्वाचे का, ते फलटणच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. डॉ. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. मराठीच्या अभ्यासासाठी त्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला आल्या, तेथेच राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. घरात शिकलेले कोणी नाही अशा मुलांना वाचायला कसे शिकवावे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९८६ साली संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. सगळी मुळाक्षरे पाठ होईपर्यंत थांबायचे नाही, थोडी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा आली की लगेच अर्थ असलेले शब्द वाचायचे आणि जोडीला भरपूर गोष्टी ऐकायच्या, ही तेथली रीत.

ती रीत काय सांगते? पहिलीच्या वर्गात दोन मुले शेजारी बसतात. एकाने मांडीवर बसून शेकडो वेळा गोष्टी ऐकलेल्या असतात, दुसऱ्याने पुस्तक प्रथमच हातात धरलेले असते. 'क'ला काना 'का' हे दोघांनाही सारखेच शिकवले जाते. पहिल्याला ठाऊक असते की या खुणांच्या पलीकडे कोल्होबा आणि राजा बसले आहेत. दुसऱ्याला नुसत्या खुणाच दिसतात. दुसरा मुलगा मंद नाही, त्याला संधी मिळालेली नाही. अंगणवाडीतले शिकणे तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, शाळा सहाव्या. पहिली तीन वर्षे फक्त घराची असतात. आणि ज्या घरात आईवडिलांना शाळा मिळाली नाही, त्या घरात वाचता येणारे माणूस कोण असते? बहुधा तुम्हीच!

वाचून दाखवायचे कसे?

नुसते भराभर वाचू नका. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट वाचत सारखेच. मात्र एका गटाला शिकवले होते की मधूनमधून थांबा, विचारा, मुलाच्या शब्दात भर घाला. एका महिन्यातच त्या गटातली मुले बोलण्यात दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेली.

बाळ 'भू भू' म्हणाले, तर 'हो, भू भू! काळा भू भू. कुठे चाललाय?' असे म्हणा. उत्तर आले नाही तरी क्षणभर थांबा. तेच पुस्तक दहादा मागितले तर दहादा वाचा. बाळाला कंटाळा आला, तर पुस्तक मिटा. मारून-मुटकून वाचनाची गोडी लागत नाही. दोन वर्षांच्या बाळाकडून मुळाक्षरे घोकून घेण्याची तर अजिबात घाई करू नका.

आजीला वाचता येत नसेल, तर तिला बाजूला सारू नका. तळहातावर बोटाने मोर बसवण्याचा खेळ, जात्यावरच्या ओव्या, अंगाई, उखाणे हे तिचे भांडार आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवून दिले, की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना यमक आणि शब्दांतले सारखे आवाज चटकन ओळखता येतात, ती पुढे वाचायला लवकर शिकतात. निरक्षर आजीही अशा रीतीने नातवाला वाचनाचीच तयारी करून देत असते. शिवाय चित्रे पाहून बोलायला अक्षरे कोठे लागतात?

करून पाहा

१. तीन वर्षांच्या मुलाबरोबर शब्द टाळ्यांनी फोडा. 'भा-क-री' तीन टाळ्या, 'आ-जी' दोन. आपली लिपी अक्षरागणिक लिहिली जाते, म्हणून हा खेळ मराठी वाचनाला फार उपयोगी पडतो.

२. सहा महिने, एक वर्ष आणि दीड वर्ष अशा वयांच्या बाळांपुढे तेच पुस्तक ठेवा आणि प्रत्येक बाळ काय करते ते वहीत लिहा. चावते, उलटते, खरवडते की बोट दाखवते?

३. दोन वर्षांच्या मुलाला पहिला आठवडा नुसते वाचून दाखवा, दुसरा आठवडा थांबून, प्रश्न विचारून. दर बैठकीत मुलाने स्वतः किती शब्द उच्चारले ते मोजा. दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी मांडा आणि वर्गात चर्चा करा. एका मुलावरून नियम ठरत नाही. शिक्षकांनी सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या, तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होईल.

लहानपणी वाचून दाखवले म्हणजे मूल पहिला क्रमांक पटकावेलच, असा हवाला कोणी देऊ शकत नाही. पण पुस्तक म्हणजे धाक नव्हे, पुस्तक म्हणजे ताईची मांडी, ही ओळख एकदा मनात रुजली की पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

तेव्हा आज संध्याकाळी बाळ रांगत आले, तर भूगोलाचे पुस्तक जरा वर ठेवा. दहा मिनिटे त्याला मांडीवर घ्या आणि त्याचे पुस्तक उघडा. फाटलेली कृष्णा नदी उद्या चिकटपट्टीने जोडता येईल.